चांदीच्या चमच्यावरील ठसे कसे वाचावे



अक्षरें केवळ कागदावरच असतात असें नाहीं. नाण्यावर, शिळेवर, ताम्रपटावर, फार काय, जेवणाच्या चमच्यावरही मनुष्यानें लिहून ठेविलें आहे. ज्यास तें वाचतां येतें त्याच्याशीं ती वस्तु बोलते. ज्यास येत नाहीं त्याला ती केवळ वजनानें विकण्याजोगी वाटते. या भेदाची किंमत आमच्या घरानें एकदां मोजलेली आहे, म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों.

माझी आजी तरुणपणीं एका मिशन इस्पितळांत परिचारिका होती. तेथील एक वृद्ध मडमबाई १९५४ सालीं स्वदेशीं जावयास निघाल्या, तेव्हां त्यांनीं आजीस निळ्या मखमलीच्या पेटींतील सहा चमचे व कागदांत गुंडाळलेला एक सुटा मोठा चमचा भेट दिला. पेटींतले सहा चमचे लखलखीत होते. ते आजीनें कधीं वापरले नाहींत. "अडीअडचणीला उपयोगीं पडतील," असें म्हणून ती पेटी ट्रंकेच्या तळाशीं ठेवी. सुटा चमचा झिजलेला व काळवंडलेला असल्यामुळें तो मात्र आमच्या स्वयंपाकघरांत मिठाच्या बरणींत पडलेला असे.

१९९२ सालीं माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठीं पैसे कमी पडले. आजी, काका व मी, असे तिघे पेटी घेऊन सोनाराकडे गेलों. सोनार भला मनुष्य होता. त्यानें चमच्याची कड कानशीनें किंचित् घांसली, त्यावर आम्लाचा थेंब टाकला, आणि हळूच म्हणाला, "आजीबाई, ही चांदी नव्हे; वरचा नुसता मुलामा आहे." आजी कांहीं बोलली नाहीं. काकांना सुटा चमचा आठवला, तो त्यांनीं घरून आणला. तो मात्र चांदीचा ठरला. वजन झालें, पैसे मिळाले, आणि त्याच सायंकाळीं तो चमचा मुशींत गेला. वडील बरे झाले. परंतु आजीच्या मनांत एक शल्य राहिलें तें राहिलेंच : बाईंनीं आपणांस फसविलें काय? या प्रश्नाचें उत्तर त्या सहा चमच्यांच्या पाठीवरच लिहिलेलें होतें. आमच्यांतील कोणासही तें वाचतां येत नव्हतें. तें कसें वाचावें हें या लेखांत सांगावयाचें आहे.

शुद्ध चांदी मऊ असते. तिचा चमचा केला तर तो वांकेल. म्हणून तींत थोडें तांबें मिसळतात. परंतु किती मिसळलें हें डोळ्यांनीं दिसत नाहीं, आणि लबाडीस जागा मिळते ती येथेंच. इंग्लंडांत यावर फार जुन्या काळीं कायदा झाला. १३०० सालीं राजा पहिला एडवर्ड यानें असा निर्बंध घातला कीं, चांदीची वस्तु नाण्याच्या कसाहून हलकी असूं नये, आणि तिची परीक्षा होऊन तीवर बिबळ्याच्या मुखाचा ठसा उमटल्यावांचून ती विकली जाऊं नये. या कसास ‘स्टर्लिंग’ म्हणतात. त्याचें गणित तुम्ही स्वतः करून पाहा. तेथील सराफी वजनांत १ पौंडाचे १२ औंस व १ औंसाचे २० पेनीवेट. म्हणजे १ पौंडाचे २४० पेनीवेट झाले. स्टर्लिंग चांदीच्या १ पौंडांत शुद्ध चांदी ११ औंस २ पेनीवेट, म्हणजे २२२ पेनीवेट असावी लागते. २२२ ला २४० नें भागा. उत्तर ०·९२५ येतें. हजार भागांत ९२५ भाग चांदी. आज दागिन्यांवर ‘९२५’ हा आंकडा दिसतो त्याचें मूळ हें आहे.

परीक्षेचें काम लंडनच्या सोनारांच्या संघाकडे होतें. या संघास १३२७ सालीं राजाची सनद मिळाली. पुढें १४७८ पासून वस्तु संघाच्या सभागृहांत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्यें, आणूनच ठसे मारून घ्यावे लागत. हॉलमधील मार्क म्हणून ‘हॉलमार्क’ हा शब्द पडला. परीक्षेची जुनी रीति अशी : वस्तूवरून चांदीचा कीस खरवडून तोलावयाचा, तो शिशाच्या पत्र्यांत गुंडाळून हाडांच्या राखेच्या लहानशा मुशींत ठेवून तापवावयाचा. शिसें व तांबें यांचें भस्म त्या मुशींत शोषलें जातें आणि शुद्ध चांदीचा मणी मागें उरतो. तो पुन्हां तोलला कीं वजनांतील घट समजते. आपल्या भाषेंत ‘कसास उतरणें’ म्हणतात तें हेंच.

आतां ठशांकडे वळूं. इंग्लंडांत घडविलेला जुना चांदीचा चमचा पालथा धरून त्याच्या दांड्यावर पाहिलें असतां सामान्यतः चार किंवा पांच बारीक ठसे एका ओळींत दिसतात. प्रत्येक ठसा एकेका प्रश्नाचें उत्तर देतो.

पहिला प्रश्न : धातु कोणती? याचें उत्तर सिंह देतो. उजवा पंजा उचलून चालणारा हा सिंह १५४४ पासून लंडनच्या स्टर्लिंग चांदीवर मारूं लागले. सिंह दिसला कीं ९२५ कसाची चांदी, असें समजावें. याला एक अपवाद आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लोक नाणीं कातरून व वितळवून त्यांचीं भांडीं करूं लागले. तें थांबविण्यासाठीं १६९७ सालीं भांड्यांचा कस नाण्यांच्या कसाहून वाढविण्यांत आला : ११ औंस १० पेनीवेट, म्हणजे २४० पैकीं २३०. हा वाढीव कस १७२० पर्यंत सक्तीचा होता. त्या काळांतील वस्तूंवर सिंहाऐवजीं बसलेल्या स्त्रीची आकृति, म्हणजे ब्रिटानिया, व सिंहाचें नुसतें मस्तक आढळतें. १७२० नंतर जुना कस पुन्हां आला, आणि ब्रिटानियाचा कस ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिला.

दुसरा प्रश्न : परीक्षा कोठें झाली? याचें उत्तर नगरचिन्ह देतें. लंडनचें चिन्ह बिबळ्याचें मुख. एडिंबरोचें चिन्ह किल्ला. बर्मिंगहॅमचें नांगर, म्हणजे जहाजाचा, शेतकऱ्याचा नव्हे. शेफील्डचें १९७४ पर्यंत मुकुट व १९७५ पासून गुलाब. चेस्टरचें गव्हाच्या तीन पेंढ्या व तलवार. एक्झेटरचें तीन बुरुजांचा किल्ला. न्यूकॅसलचें तीन किल्ले. डब्लिनचें चिन्ह मुकुटधारी वीणा. यांपैकीं एक्झेटर, न्यूकॅसल, चेस्टर व ग्लासगो येथील कसोटीगृहें क्रमानें १८८३, १८८४, १९६२ व १९६४ या सालीं बंद झालीं. ब्रिटनमध्यें आज लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड व एडिंबरो हीं चार उरलीं आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगावी. कांहीं प्रांतिक कसोटीगृहेंही आपल्या चिन्हासोबत बिबळ्याचें मुख मारीत; म्हणून बिबळ्या दिसतांच ‘लंडन’ म्हणूं नये, शेजारीं दुसरें नगरचिन्ह नाहीं ना हें आधीं पाहावें.

नांगर व मुकुट यांची कथा मनोरंजक आहे. बर्मिंगहॅमचा प्रसिद्ध कारखानदार मॅथ्यू बोल्टन यास आपल्या वस्तु परीक्षेसाठीं दूर चेस्टरला पाठवाव्या लागत. वाटेंत त्या ठेचाळत, व वेळही फुकट जाई. त्यानें व शेफील्डच्या कारागिरांनीं पार्लमेंटांत खटपट करून १७७३ सालीं आपापल्या गांवीं कसोटीगृहें मिळविलीं. त्यासाठीं ही मंडळी लंडनमध्यें ‘क्राऊन अँड अँकर’, म्हणजे ‘मुकुट व नांगर’, या नांवाच्या खानावळींत जमत असत, म्हणून एकानें मुकुट घेतला व दुसऱ्यानें नांगर, अशी आख्यायिका आहे.

तिसरा प्रश्न : वस्तु कोणत्या वर्षीं तपासली गेली? याचें उत्तर एका अक्षरांत असतें, आणि माझ्या मतें सर्व ठशांत अधिक चतुराईचा ठसा हाच. १४७८ पासून लंडनमध्यें दरवर्षीं एक नवें अक्षर मारण्याची पद्धति पडली. तिचा मूळ हेतु इतिहासकारांची सोय करणें हा नव्हता. हलकी वस्तु सांपडली तर ती कोणत्या परीक्षकाच्या कारकीर्दींत सुटली हें कळावें व त्यास जाब विचारतां यावा, हा होता. लंडनची माला ‘ए’ पासून ‘यू’ पर्यंत, ‘जे’ वगळून, २० अक्षरांची असे. वीस वर्षें संपलीं कीं अक्षराचें वळण व भोंवतालच्या ढालीचा आकार बदलून पुन्हां ‘ए’. लहान रोमन अक्षरांची एक माला १७७६ सालीं सुरू झाली. मोठ्या रोमन अक्षरांची १७९६ त. पुन्हां लहान रोमन १८१६ त. गॉथिक वळणाचीं मोठीं अक्षरें १८३६ त व लहान १८५६ त. मोठीं रोमन १८७६ त व लहान रोमन १८९६ त. हें अक्षर मे महिन्यांत बदले, म्हणून एक अक्षर दोन इसवी सनांत विभागलेलें असतें. इतर गांवांच्या माला निराळ्या. म्हणून नगरचिन्ह ओळखल्यावांचून वर्षाक्षर वाचण्यास बसूं नये. १९७५ पासून सर्व ब्रिटिश कसोटीगृहांचें अक्षर १ जानेवारीस बदलूं लागलें, आणि १९९९ पासून हें अक्षर ऐच्छिक झालें.

चौथा प्रश्न : करणारा कोण? १३६३ च्या कायद्यानें प्रत्येक कारागिरास स्वतःची मुद्रा असणें सक्तीचें केलें. आरंभीं मासा, तारा अशीं चित्रें असत; पुढें नांवाचीं आद्याक्षरें आलीं. या मुद्रांची नोंद कसोटीगृहांत होत असल्यामुळें दोन अक्षरांवरून माणूस सांपडतो. उदाहरणार्थ, वळणदार ‘एच्’ व ‘बी’ हीं अक्षरें हेस्टर बेटमन या लंडनच्या बाईचीं. १७६० सालीं ती विधवा झाली. १७६१ सालीं तिनें आपली मुद्रा नोंदविली, आणि मुलांस हाताशीं घेऊन १७९० पर्यंत तीस वर्षें कारखाना चालविला. चमचे हा तिच्या आरंभीच्या व्यवसायाचा मुख्य भाग होता. तिला लिहितां येत नव्हतें असें तिचे चरित्रकार सांगतात. तरीही तिचीं दोन अक्षरें आज जगभरचे संग्राहक भिंग लावून शोधतात.

पांचवा ठसा सर्व चमच्यांवर नसतो. पण असला तर फार उपयोगी पडतो. १७८४ सालीं चांदीवर औंसास सहा पेन्स कर बसविण्यांत आला, व कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या मुखाचा ठसा मारूं लागले. हा कर १८९० सालीं उठला, आणि ठसाही गेला. म्हणजे राजाचें किंवा राणीचें मुख दिसलें कीं वस्तु सामान्यतः या १०६ वर्षांतली. पुढें कांहीं राज्यारोहणांच्या व ज्युबिलींच्या प्रसंगीं असें मुख हौसेनें मारीत, तेवढा अपवाद ध्यानांत ठेवावा.

आतां एक उदाहरण सोडवूं. १७७६ ते १९१५ या काळांतले लंडनचे तीन मोठे चमचे तुमच्यापुढें ठेविले आहेत. तिघांवरही लहान रोमन ‘के’ आहे. माला पाहतां ‘के’ हें दहावें अक्षर. म्हणून वर्षें संभवतात तीं १७८५, १८२५ व १९०५. कोणता चमचा कोणत्या वर्षाचा? येथें दोन गोष्टी आठवा. लंडनच्या बिबळ्याच्या डोक्यावर १८२१ पर्यंत मुकुट असे, त्यानंतर तो काढला. आणि त्याच सुमारास आपल्याकडे मान वळविलेला सिंह सरळ पुढें पाहूं लागला. तेव्हां पहिल्या चमच्यावर मुकुटधारी बिबळ्या व राजमुख आहे, तो १७८५ चा. त्याचें राजमुख खोलगट कोरलेलें असेल, कारण पहिलीं दोन वर्षें तें तसें मारीत. दुसऱ्यावर बिनमुकुटाचा बिबळ्या पण राजमुख आहे, तो १८२५ चा. तिसऱ्यावर मुकुट नाहीं व राजमुखही नाहीं, तो १९०५ चा. एकटें अक्षर तिघांत भेद करूं शकलें नाहीं. शेजारच्या ठशांची साक्ष घेतली तेव्हां निर्णय झाला. न्यायालयांत काय आणि इतिहासांत काय, एका साक्षीदारावर भिस्त ठेवूं नये हा नियम येथेंही लागू आहे.

ठशांची साक्ष चमच्याच्या आकाराशींही जुळली पाहिजे. सुमारें १७८० पर्यंत ठसे दांड्याच्या खालच्या भागीं, वाटीजवळ मारीत; त्यानंतर ते दांड्याच्या टोंकाकडे गेले. सुमारें १७६० पर्यंत इंग्लंडांत चमचे मेजावर पालथे मांडीत, म्हणून कुलचिन्ह किंवा नांवाचीं अक्षरें दांड्याच्या पाठीवर कोरलेलीं दिसतात. पुढें चमचे उताणे मांडूं लागले आणि अक्षरें पुढील बाजूस आलीं. एकोणिसाव्या शतकांत सारंगीच्या आकाराचा दांडा लोकप्रिय झाला. सुरीचें पातें मात्र पोलादाचें. तिची मूठ पोकळ चांदीची व आंत राळ भरलेली असे. म्हणून सुऱ्यांचे ठसे पातळ पत्र्यावर असतात व लवकर झिजतात.

जेथें शिक्का असतो तेथें खोटा शिक्काही असतो. १७५८ च्या सुमारास इंग्लंडांत खोटे ठसे करण्यास देहान्त शिक्षा होती. १७७३ सालीं ती १४ वर्षें हद्दपारीची झाली. कर चुकविण्यासाठीं कांहीं कारागीर लहान वस्तूवर खरे ठसे मारून घेत, मग तेवढा तुकडा कापून मोठ्या वस्तूस डाखीत. अशा ठशांभोंवतीं तोंडाची वाफ सोडली असतां सांध्याची रेषा उमटून दिसते. हा प्रयोग करण्यास एक श्वास पुरतो.

आतां मुलाम्याविषयीं. १७४० नंतरच्या दशकाच्या आरंभीं शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर यानें तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा उष्णतेनें कायमचा जोडण्याची युक्ति शोधली. हा माल ‘शेफील्ड प्लेट’ होय. जुना झाला कीं कडांतून तांबूस रंग डोकावतो. १८४० सालीं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं विजेच्या साहाय्यानें मुलामा देण्याचें पेटंट घेतलें. या पद्धतींत आंतील धातु बहुधा ‘निकल सिल्व्हर’ असते. नांवांत सिल्व्हर असलें तरी तींत चांदीचा अंशही नसतो. ती तांबें, जस्त व निकल यांची मिश्रधातु. आपण जिला जर्मन सिल्व्हर म्हणतों ती हीच. अशा चमच्यांवर ‘ई. पी. एन. एस.’ हीं चार अक्षरें असतात. त्यांचा अर्थ, निकल सिल्व्हरवर विजेचा मुलामा. पुष्कळ वेळां तीं चार निरनिराळ्या लहान ढालींत बसविलेलीं असतात, त्यामुळें अजाणास हॉलमार्कचा भास होतो. सिंह नसेल तर हुरळून जाऊं नये.

इतर देशांच्या रीति थोडक्यांत सांगतों. फ्रान्समध्यें १८३८ पासून शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचें मस्तक. जर्मनींत १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट व ‘८००’ सारखा आंकडा. अमेरिकेंत सरकारी कसोटीगृह नसल्यामुळें ‘स्टर्लिंग’ हा शब्दच लिहिलेला असतो. आपल्या देशांतही एकोणिसाव्या शतकांत उत्तम काटेचमचे व भांडीं होत. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीच्या मालावर हत्तीचा ठसा आढळतो. भुजच्या उमरसी मावजी या विख्यात कारागिराच्या कामावर ‘ओ. एम्.’ हीं अक्षरें असतात. परंतु त्या काळीं येथें सरकारी कसोटीगृह नव्हतें. म्हणून हे ठसे कारागिराची किंवा पेढीची ग्वाही देतात, राज्याची नव्हे. भारतांत मानक संस्थेचें हॉलमार्किंग सोन्यासाठीं २००० सालीं व चांदीसाठीं २००५ सालीं सुरू झालें.

पालकांसही दोन शब्द सांगण्याची परवानगी घेतों. घरांत जुना चमचा, काटा किंवा सुरी असेल तर ती मोडींत देण्यापूर्वीं भिंगाखालीं पाहावी. प्रकाश बाजूनें, तिरपा पडेल असें धरावें. झिजलेला ठसाही मग उठून दिसतो. चिंच, राख किंवा घासणी लावूं नये. चांदीवरील काळेपणा हवेंतील गंधकामुळें येतो, तो मऊ फडक्यानें निघतो, परंतु घांसून गेलेलें अक्षर पुन्हां येत नाहीं. मीठ चांदीस खातें, म्हणून तींत मीठ ठेवूं नये. आणि विकणें भागच असेल तर विकावें, त्यांत कमीपणा नाहीं. परंतु आधीं ठशांचें छायाचित्र घेऊन ठेवावें.

आतां आजीच्या प्रश्नाकडे येतों. १९९६ सालीं ती वारली. त्यानंतर तीन वर्षांनीं मी महाविद्यालयांत शिकत असतां ग्रंथालयांत या विषयावरील एक पुस्तक हातीं आलें. सुटींत घरीं जाऊन मीं ती निळी पेटी उघडली. सहाही चमच्यांच्या पाठीवर, चार छोट्या ढालींत, स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें : ई. पी. एन. एस. चमचे प्रथमपासून खरेंच सांगत होते. आणि बाईंनीं तरी फसविलें कोठें? त्यांनीं मुलाम्याचे सहा चमचे पेटींतून दिले, आणि अस्सल चांदीचा सातवा साध्या कागदांत गुंडाळून सोबत दिला. हें आजीला सांगावयास मला तीन वर्षें उशीर झाला होता.

त्या सातव्या चमच्याचे ठसे मीं लहानपणीं मीठ काढतांना अनेकदां पाहिले होते. दांड्याच्या टोंकाकडे चालणारा सिंह होता हें आठवतें. नाण्यावरच्यासारखें एक मुख होतें हेंही आठवतें, कारण तें कोणाचें म्हणून मीं आईला विचारलें होतें. तेवढ्यावरून तो १७८४ ते १८९० या काळांतला असावा, इतकें मी आज म्हणूं शकतों. शेजारीं एक अक्षरही होतें. तें कोणतें हें मात्र मला आठवत नाहीं.